ज्याची बॅट, त्याचाच पहिला डाव? आर्थिक दरी ओलांडणारा खेळ आखताना

एक मोठी चादर घ्या. तिच्या कडा धरून बारा मुलं उभी करा, मध्ये एक चेंडू ठेवा आणि तो खाली न पाडता चारही कोपऱ्यांतून फिरवून आणायला सांगा. पहिल्या चार-पाच प्रयत्नांत चेंडू हमखास पडतो, कारण जो तो आपली कड ओढत असतो. मी हा खेळ बऱ्याचदा घेतलाय. एकदा सहावा प्रयत्न फसल्यावर तोवर गप्प उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "आपापल्या बाजूला ओढू नका ना. चेंडू जिकडे न्यायचाय, त्याच्या समोरच्यांनी कड उचला." सातव्या खेपेला जमलं. नुसता कल्ला झाला.

अर्ध्या तासाने फाटकाशी काही मुलं गाड्यांत बसली, काही चालत निघाली. ती मुलगी चालणाऱ्यांत होती. पुढच्या वेळी गाडीतल्या एकालाही तिचं नाव आठवेना.

यात चूक माझी होती. खेळ चांगलाच होता, पण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं मी काही आखलंच नव्हतं. सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना एकत्र खेळवायचं तर खेळाआधी आणि खेळानंतर काय करावं लागतं, त्या अलीकडच्या-पलीकडच्या भागाबद्दल हा लेख मुख्यतः आहे. शाळा, ग्रंथालय, क्रीडामंडळ किंवा साधा शेजारपाजार, कुठेही तो वापरता येईल. उदाहरणं मुलांची जास्त आहेत, पण मोठी माणसं काही वेगळी वागत नाहीत. फक्त ती रुसवे जास्त सफाईने लपवतात.

नुसतं एकत्र आणून भागत नाही

माणसं शेजारी शेजारी बसवली की आपोआप जवळ येतात, हा गोड गैरसमज आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली दोन गटांमधला पूर्वग्रह कमी व्हायला काय लागतं, याच्या चार अटी मांडल्या. त्या वेळेपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा हवा. ध्येय एक हवं. ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी. आणि ज्यांचा शब्द चालतो अशा मंडळींचा पाठिंबा हवा. सहकारी खेळ, म्हणजे सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात असा खेळ, यातल्या मधल्या दोन अटी आयत्या पुरवतो. पहिली आणि शेवटची आयोजकाला सांभाळावी लागते, आणि घोडं अडतं ते तिथेच.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात २२ मुलांचं शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट केले, स्पर्धा लावल्या, आणि बघता बघता वैर पेटलं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला, सिनेमा बघायला बसवलं, तर जेवणाच्या टेबलावरच फेकाफेकी सुरू झाली. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ट्रक सुरू होईना, तेव्हा कुठे सगळे मिळून दोरी ओढायला लागले आणि हळूहळू निवळले. एक गोष्ट लक्षात ठेवायची: ही सगळी मुलं सारख्याच मध्यमवर्गीय घरांतली होती. त्यांच्यातली दरी प्रयोग करणाऱ्यांनीच खणली होती, म्हणून ती लवकर बुजलीही. आपल्यापुढची दरी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

दुसरा धडा क्रिकेटचा. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या महिनाभराच्या लीग घेतल्या. २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच संघात मिसळून खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. दुसऱ्या जातींचे खेळाडू समोरच्या संघात आले तेव्हा मात्र परिणाम उलटा झाला. जात आणि आर्थिक स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कबूल. पण "आमची शाळा विरुद्ध तुमची शाळा" असा सामना ठेवून वर त्याला मैत्रीचा सामना म्हणणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं.

पायरी १: भिडू गोळा करणं

दोन्ही बाजूंची संख्या जवळपास सारखी ठेवा. पंधरा सुस्थितीतली मुलं आणि दोन गरीब घरची, अशी भेळ करू नका. ती दोन मुलं दीड तास पाहुण्यासारखी वागतील. एकूण आठ ते सोळा जण, आणि चार-पाच जणांच्या प्रत्येक छोट्या गटात दोन्हीकडचे निदान दोघं. एकट्याला आपल्यासारखा एक तरी सोबत असला की बोलायला धीर येतो.

आखणीच्या बैठकीत कमी मिळकतीच्या घरांतले दोन-तीन पालक किंवा मोठी मुलं असू द्या, आणि ती पहिल्या दिवसापासून. सगळं ठरल्यावर "तुम्हाला चालेल ना?" असं विचारलं की उत्तर नेहमी "हो" येतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

उपक्रमाचं नाव साधं ठेवा: शनिवारचा खेळ, खेळगट, काहीही. "दरी मिटवूया" असला फलक लावलात की कोण दरीच्या कोणत्या काठावरचं, हे तुम्हीच जाहीर केलंत.

पायरी २: वेळ, जागा आणि न दिसणारा खर्च

जागा कोणाच्याच अंगणातली नको. एका बाजूच्या आवारात खेळलं की दुसरी बाजू आपोआप पाहुणी होते. तसं करावंच लागलं तर आलटून पालटून करा.

शुल्क असेल तर सगळ्यांनाच माफ करा. "ज्यांना परवडत नाही त्यांनी कळवावं" हे वाक्य सद्‌भावनेने लिहिलेलं असतं, पण वाचणाऱ्याच्या घशात ते अडकतं. येण्या-जाण्याचा खर्च, धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी, संध्याकाळचं काम यामुळे कोणाला यायला जमणार नाही, हे आधी विचारून घ्या. धाकटं भावंड सोबत आलं तर त्यालाही एक काम द्या.

मुदत हा सगळ्यात कमी लेखला जाणारा मुद्दा. एक दिवसाचा मेळावा फोटोपुरता ठीक. संवादशास्त्राचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास धरले तर आठ आठवड्यांत तुमच्या हाती १६ तास लागतात. म्हणजे आठ आठवडे हा कमीत कमी आकडा, आणि तोही तीच तीच माणसं दर वेळी आली तर. दर आठवड्याला नवे चेहरे आले तर तास जमतच नाहीत.

पायरी ३: सामान

ज्याची बॅट, त्याचा पहिला डाव. हा नियम कोणी लिहिला नाही, पण तो आपण सगळेच पाळत आलोय. बॅटवाला रुसून घरी गेला की खेळ संपतो, हेही सगळ्यांना माहीत. म्हणून पहिला नियम: घरून काहीही आणायचं नाही. चादर, चेंडू, दोऱ्या, पुठ्ठे, फुगे हे सगळं गटाच्या मालकीचं, एका पेटीत.

मग पायांकडे बघा. निम्म्यांच्या पायांत चांगले बूट आणि निम्म्यांच्या झिजलेल्या चपला असतील तर जागा साफ करून घ्या आणि सगळ्यांना अनवाणी खेळवा. फोन एका डब्यात, आयोजकाचासुद्धा. पाणी एकाच ठिकाणचं. खाऊ द्यायचा तर सगळ्यांना सारखा, आयोजकांकडून. घरून आलेले डबे उघडले की पंक्तिप्रपंच सुरू झालाच समजा.

पायरी ४: खेळ निवडणं

इथे घाई करू नका. प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारा. एकटा हुशार गडी हा खेळ सगळ्यांच्या वतीने जिंकू शकतो का? कोणी बाद होऊन कडेला बसतं का? आणि पैसे मोजून शिकलेलं कौशल्य इथे उपयोगी पडतं का? तिन्हींचं उत्तर "नाही" आलं तर खेळ कामाचा.

तिसऱ्या प्रश्नावर बरेच खेळ गळतात. सामान्यज्ञानाची कोडी, इंग्रजी शब्दांचे खेळ, पोहणं, सायकल, प्रवासावरच्या गप्पा या सगळ्यांत घरची ऐपत लपून बसलेली असते. आयोजकाला ती दिसत नाही, कारण बहुतेकदा तो स्वतः त्याच बाजूचा असतो.

चादर-चेंडू सोडून माझ्या आवडीचा दुसरा खेळ म्हणजे नदी. दहा जण, पुठ्ठ्याचे सात तुकडे, आणि ओलांडायला आठ-दहा मीटरची "नदी". पाय फक्त पुठ्ठ्यावर ठेवायचा. जमिनीवरच्या ज्या पुठ्ठ्यावर एका क्षणासाठीही कोणाचा पाय नसेल तो मार्गदर्शक उचलून नेणार, कायमचा. सगळे पलीकडे पोचले तरच डाव जिंकला. सुरुवातीला दोघं-तिघं पुढे धावतात आणि मागे दोन पुठ्ठे गमावतात. मग लक्षात येतं की मागचा माणूस सरकल्याशिवाय पुढच्याने हलायचं नाही. शेवटी एका पुठ्ठ्यावर तिघं, एकमेकांचे खांदे धरून, तोल सांभाळत उभे असतात आणि सगळ्यात मागचा पुठ्ठा हातोहात पुढे येत असतो. अशा वेळी कोणाचा बाप काय करतो हे डोक्यात येत नाही. येतं ते इतकंच की याने मला सोडलं तर मी पडणार. स्पर्श नको असणाऱ्यांसाठी हातभर लांबीच्या दोऱ्या ठेवा आणि सगळ्यांनाच द्या.

लहानांसाठी संगीतखुर्ची उलटी करा: खुर्च्या कमी होतात, माणसं तितकीच राहतात, आणि शेवटच्या दोन खुर्च्यांवर सगळ्यांना कसंही करून मावायचं असतं. माणसांपेक्षा जास्त फुगे हवेत ठेवणं हाही सोपा खेळ, पाच मिनिटांचा. हातांची गाठ घालून ती सोडवण्याचा खेळ सगळेच घेतात. पण ती गाठ कधी कधी खरोखरच सुटण्यासारखी नसते, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर उगाच कोणाच्या तरी माथी खापर फुटतं.

मोठ्यांच्या गटाला बैठे खेळ बरे पडतात. 'हनाबी' हा दोन ते पाच जणांचा पत्त्यांचा खेळ मला फार आवडतो. यात आपले पत्ते उलटे धरायचे. ते इतरांना दिसतात, आपल्याला नाही. सगळ्या गटाला मिळून मोजकेच इशारे देता येतात, आठांचा साठा. तो संपला की पत्ता टाकून एक इशारा परत मिळवायचा. माझ्या हातात काय आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणारच नाही, अशी खेळाची रचनाच आहे. याउलट 'पँडेमिक'सारख्या, सगळ्यांनी मिळून रोगाची साथ रोखायच्या पटावरच्या खेळांत सगळं सगळ्यांना दिसतं आणि एक जाणता माणूस बाकीच्यांना "आता तू इथे जा" म्हणत हाकत सुटतो. असा खेळ घ्यायचाच तर नियम करा: ज्याची पाळी, त्याने विचारल्याशिवाय सल्ला नाही.

खेळात गरज खरी असावी आणि जिंकण्याला थोडं मोल असावं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या खासगी शाळांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या शाळांत गरीब घरांतल्या मुलांसाठी काही जागा ठेवल्या गेल्या होत्या. रिले शर्यतीसाठी श्रीमंत मुलांना भिडू निवडायला सांगितलं: वेगवान पण गरीब घरचा, की हळू पण आपल्यासारखा? बक्षीस लहान असताना काहींनी वेग सोडून "आपला" निवडला. बक्षीस वाढलं तसा हा भेदभाव घटला. ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती त्यांनी मुळातच तो कमी केला.

पायरी ५: पहिला दिवस

दीड तास पुरे. सुरुवातीला नावं, फक्त नावं. कुठे राहतोस, सुट्टीत कुठे गेला होतास, आई-बाबा काय करतात, यातलं काहीही नको. नावासोबत एक हातवारा करायचा आणि बाकीच्यांनी तो परत करायचा. दहा मिनिटांत सगळी नावं पाठ होतात. त्या मुलीचं नाव विसरलं गेल्यापासून मी हे कधी चुकवलेलं नाही.

गट चिठ्ठ्यांनी पाडा. दोन कप्तान उभे करून "मी हा घेतो, तू तो घे" करू नका. शेवटी उरलेला कोण असतो ते आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलंय. चिठ्ठ्यांनंतर एखाद्या गटात एकीकडचाच कोणी एकटा पडला तर बिनबोभाट अदलाबदल करा.

आधी फुगे, मग चादर, मग नदी. सोप्याकडून अवघडाकडे. नदीत पहिल्या दिवशी हरले तर हरू द्या. पुढच्या आठवड्याला यायचं कारण तेच.

पायरी ६: खेळ चालू असताना

तुम्ही शिट्टी वाजवण्यापेक्षा मोजणी करा. कागदावर नावं लिहा आणि ज्याची सूचना गटाने ऐकली त्याच्यापुढे एक रेघ मारा. दहा मिनिटांत चित्र उघडं पडतं: बोलतात बरेच, ऐकलं जातं दोघा-तिघांचंच. रेघा एकाच बाजूला पडत असतील तर पुढच्या डावात बोलक्यांना मुके करा: "या वेळी तुम्हा तिघांना फक्त खुणा करता येतील."

आणि एक नाजूक बाब. भली मुलं कमी मिळकतीच्या घरातल्या मुलाला कच्चं लिंबू करून टाकतात. त्याची चूक मोजायची नाही, त्याला मुद्दाम सोपं द्यायचं, हरला तरी टाळ्या. हे प्रेमाने होतं म्हणूनच जास्त बोचतं. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, पण त्याला खेळात धरतही नाहीत. हे दिसलं की नियम सगळ्यांना सारखे लावा, ठामपणे.

कौतुक कसं करायचं, याचा एक चांगला मार्ग समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी वर्गातल्या गटकामाच्या अभ्यासातून सुचवला. ज्याला गट कमी लेखतो त्याने खरंच काही चांगलं केलं की ते चारचौघांत, नेमक्या शब्दांत सांगायचं. "शाब्बास, छान!" याने काही होत नाही. "हिने समोरची कड उचलायला सांगितली म्हणून चेंडू वळला" याने होतं. पण ते खरं असलं पाहिजे. खोटं कौतुक मुलं लगेच ओळखतात.

बोचरं काही बोललं गेलंच, "तुझ्याकडे साधे बूटपण नाहीत?" असं, तर व्याख्यान देऊ नका. खेळ थांबवून सगळ्यांच्या नजरा त्या पायांवर वळवू नका. "बुटांचं इथे काम नाही, तुझा पुठ्ठा सांभाळ" म्हणा आणि पुढे चला. बोलणाऱ्याशी नंतर, एकट्याने बोला.

पायरी ७: खेळानंतरची दहा मिनिटं

गोल बसा. कुठे अडलो? कोणामुळे सुटलो? पुढच्या वेळी काय बदलायचं? बस्स. "आज आपण समानतेबद्दल काय शिकलो?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मुलं पाठ केलेलं उत्तर देतात आणि मनातल्या मनात जांभई देतात.

पायरी ८: फाटकाबाहेर

सगळ्यात अवघड भाग हाच. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सलमा मूसा यांनी इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चन फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मिश्र संघांतले खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांसोबत सराव करण्याची शक्यता जास्त दिसली. पण अनोळखी मुस्लिमांबद्दलची त्यांची वागणूक फारशी बदललेली नव्हती. मैदानावरचं नातं मैदानावरच राहतं, त्याला बाहेर काढायला वेगळी खटपट लागते.

ती खटपट करण्यासारखी आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७ कोटींहून जास्त फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचा अभ्यास २०२२ मध्ये मांडला. गरीब घरांतली मुलं जिथे सुस्थितीतल्या लोकांच्या ओळखीत वाढतात, तिथे मोठेपणी त्यांची कमाई जास्त असल्याचं त्यात दिसलं. दोन्ही वर्गांत मैत्री कमी असण्यामागे निम्मं कारण भेटच न होणं हे होतं, आणि निम्मं म्हणजे भेट होऊनही गट्टी न जमणं.

मी हे क्रमाने करतो. तिसऱ्या आठवड्यापासून सामान लावणं-आवरणं मिश्र जोड्यांना, त्यासाठी पंधरा मिनिटं आधी येणं. पाचव्या आठवड्यापासून जोडीने एक खेळ निवडून सगळ्यांना शिकवणं, म्हणजे मधल्या दिवसांत बोलावं लागतं. घरी बोलावणं सगळ्यात शेवटी, आणि तेही त्यांच्या मनाने झालं तर. मोठं घर पाहून आलेलं मूल परतफेड म्हणून आपल्या घरी बोलवायला संकोचतं आणि मैत्री तिथेच थांबते. जुने कपडे, वह्या, भेटवस्तू या गटाच्या वाटेने जाऊ देऊ नका. कोणाला मदत करायची असेल तर ती वेगळ्या मार्गाने, नाव न सांगता. भिडू एकदा दाता झाला की परत भिडू होत नाही. पालकांनाही दोनदा तरी खेळायला लावा, बघायला नाही.

एक धोका सांगायला हवा. मानसशास्त्रज्ञ तमार सगी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की गोडीगुलाबीच्या भेटीनंतर कमी सत्ता असलेला गट समोरच्यांकडून न्यायाची अपेक्षा धरू लागतो, आणि वाटपाची वेळ आली की सत्ता असलेला गट ती अपेक्षा पुरी करत नाही. म्हणून खेळगटात सत्तेच्या जागा खऱ्या वाटा: पेटीची किल्ली, हजेरीची वही, पुढच्या महिन्याचं वेळापत्रक. सातव्या-आठव्या आठवड्यात पायरी ६ मधला रेघांचा कागद परत काढा आणि पहिल्या दिवसाच्या कागदाशेजारी ठेवा. कोण कोणाशेजारी बसतंय, खेळ संपल्यावर कोण थांबून राहतंय, तेही टिपा. मुलांना प्रश्नावली देऊ नका.

आठवडे संपले की पेटी आयोजकाने घरी नेऊ नये. हल्ली मी चादर आणि चेंडू चिठ्ठी काढून एका मुलाच्या घरी ठेवतो, आठवड्याआठवड्याने पुढच्याकडे. कोणाला खेळायचं असेल तर आधी शोधावं लागतं की चादर या आठवड्यात कोणाकडे आहे, आणि मग तिथे जाऊन दार वाजवावं लागतं.